कुरळ्याला कंगवा नको

१४ सप्टेंबर

कुरळ्या, पोराचा कुत्रा, आजही धक्क्यावरून उठेना. तोंडात तोच बोया. जाळं वर तरंगत राहावं म्हणून त्याला बांधतात तो लाकडी ठोकळा. आमचा पोरगा गेला त्या सकाळी यानेच तो तळ्यातून काढून आणला होता. होडी बांधता बांधता पोरगा छातीला हात लावून खाली बसला, तो बसलाच. लोकांनी त्याला उचलून नेलं, आणि कुरळ्या बोया घेऊन पाण्याबाहेर येतो तर धनी जागेवर नाही. पाण्यातून आणलेली वस्तू जमिनीवर टाकायची नाही, धन्याच्या हातात द्यायची, ही याची शिकवण. आता तो हात कुठून आणायचा?

मी हात पुढे केला. हुंगलं, तोंड फिरवलं. शेवटी सूनबाई आली. त्याच्या शेजारी ओल्या फळीवर बसली, त्याच्या मानेवर कपाळ टेकलं. बराच वेळ तशीच. मग उठली, तर हाही उठला आणि तिच्यामागे घरी आला. बोया तोंडातच.

या आठवड्यात घरातलं सगळं धुऊन काढलं. पोराचे सदरे, स्वेटर, टोपी, पांघरुणं. आयुष्य सलूनात गेलं माझं. एक गिऱ्हाईक उठलं की झटकून पुसून खुर्ची मोकळी करायची, हीच सवय. पसारा डोळ्यांपुढे राहिला की दुःख वाढतं. सूनबाई परत आली तेव्हा कपडे दोरीवर होते. ती बघत उभी राहिली.

"सगळंच धुतलंत, बाबा?"

म्हटलं, "सगळंच. एक रुमाल मागे ठेवला नाही."

दमली असावी. न जेवता निजली.

२१ सप्टेंबर

शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन शिकलो ते गिऱ्हाइकांनी सोडून दिलेल्या वर्तमानपत्रांवर. लिहायची वेळ आली नव्हती. पण बोलायला माणूस कमी झाला की कागद बरा वाटतो. कागद मधेच उठून जात नाही.

कुत्र्याबद्दल लिहून ठेवतो, कारण असं डोकं माझ्या हातून कधी गेलं नाही. काळाभोर. कानापासून शेपटीच्या टोकापर्यंत बारीक, गच्च वळ्या, जणू कोणी एकेक केस सुईवर गुंडाळून सोडलाय. तोंड आणि पायांचा पुढचा भाग तेवढा गुळगुळीत. हात फिरवला की तळव्याला तेलकटपणा लागतो, आणि वास! तळ्याचं पाणी, दोराला लावायचं डांबर, पोराच्या विडीचा धूर, सगळं एकत्र मुरलेलं लोणचं. पोरगा दिवसभर याच्या मानेत हात खुपसून बसायचा ना.

स्वभावाने मानी आहे. परक्याने चुचकारलं तर शेपूट हलवत नाही, नुसता बघतो, दुकानात उधार मागायला आलेल्याकडे मी बघायचो तसा.

सूनबाई मात्र रोज सकाळी मागच्या पायरीवर त्याला घेऊन बसते. तोंड त्याच्या मानेत, डोळे मिटलेले. विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "कान तपासते. पाण्यातल्या कुत्र्याचे कान आतून ओले राहिले की सडतात."

कान मानेत नसतात.

माझ्या देखत ती एकदाही रडलेली नाही. कधी कधी वाटतं, पोर दगडाची आहे.

२ ऑक्टोबर

आज मन जरा हलकं झालं. हाताला काम मिळालं.

कुरळ्याचे केस गळायला लागले होते. कोपऱ्याकोपऱ्यात काळे पुंजके. मी म्हटलं, घरात न्हावी असून हा अवतार? बंद सलूनाचं दार उघडलं, धूळ झाडली, त्याला खुर्चीजवळ उभा केला. कोमट पाणी, सुवासिक साबण, दोनदा फेस. मग बारीक दातांच्या कंगव्याने एकेक वळी सोडवली. शेवटी गरम हवेचं यंत्र. पठ्ठ्या हलला नाही. गिऱ्हाईक असावं तर असं: राजकारणावर बोलत नाही, आणि मागून "डावीकडे जरा जास्तच झालं" म्हणत नाही.

झाला की पिंजलेल्या कापसाचा ढीग! आरशात स्वतःला बघून त्याने मान वळवली. लाजला असेल.

सूनबाई येताच मी त्याला पुढे ढकललं. ती वाकली, नेहमीसारखं तोंड मानेत घातलं. आणि झटकन मागे सरली. मग दुसऱ्या बाजूने. मग कानामागे. मग छातीवर.

"कुठला साबण लावलात?"

"चांगल्यातला. फुलांच्या वासाचा."

ती आत गेली आणि घासलेली भांडी परत घासत बसली. नळ कितीतरी वेळ चालू होता. कौतुकाचा एक शब्द नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "बाबा, त्याला कंगवा लावत नाहीत."

मला! उभं आयुष्य कंगवा धरलेल्या माणसाला! माशाला पोहायला शिकवते.

११ ऑक्टोबर

ती धक्क्यावर गेली की मी कुरळ्याला सलूनात नेतो. एक दिवसाआड कंगवा, आठवड्याने साबण. मला बरं वाटतं. याच्या अंगावरून हात फिरवताना पोराच्या लहानपणीचं डोकं आठवतं. त्याचेही केस असेच कुरळे, त्याच्या आईचे. दर महिन्याला मी ते कापायचो आणि तो कात्रीपेक्षा जास्त बोलायचा.

आज साबणाची वडी सापडेना. शोधून शोधून थकलो. मग मागच्या अंगणात बघतो तर ताजी माती उकरलेली, आणि कुरळ्या तिच्यावर बसलेला, तोंडावर साधूसारखा भाव.

खोडकर तर खरंच. परवा दाराची कडी नाकाने वर सारून बाहेर पडला. काल घरातल्या सगळ्या चपला आणून उंबऱ्यावर रांगेत मांडल्या. पोराची जोडी सगळ्यात पुढे. सूनबाई म्हणते ही जात म्हातारी झाली तरी शहाणी होत नाही, आणि रिकामी बसली की डोकं भलतीकडे चालतं.

१९ ऑक्टोबर

भांडण झालं. लपवून काय उपयोग.

सूनबाई होडी स्वतः नेऊ लागली आहे. तिचं म्हणणं, कुरळ्यालाही न्यायचा. त्याचं कामच ते. होडीपासून धक्क्यापर्यंत दोराचं टोक तोंडात धरून पोहत न्यायचं, वाऱ्याने सुटलेले बोये गोळा करून आणायचे.

मी म्हटलं, "तळ्याने एक नेला. हा माझ्याजवळ राहू दे."

"तळ्याने नाही नेलं, बाबा. ते धक्क्यावर होते."

"तेच ते."

"तेच ते नाही. आणि हा सोफ्यावरची उशी नाही. तुम्ही त्याला उशी करताय."

"मी त्याला माणसात ठेवतोय!"

"त्याला माणसात कुठे राहायचंय? त्याला कामावर जायचंय."

मग ती म्हणाली ते मला माहीत होतं, पण विसरायचं होतं. पैलतीरावरच्या पाणकोंबड्याने पिल्लू दिलं तेव्हा एकच बोली केली होती: कामाचं जनावर आहे, बसवून ठेवलंत तर परत नेईन. पाणकोंबडा म्हणजे तिथला म्हातारा कोळी. पिढ्यान्‌पिढ्या हीच कुत्री पाळतो. बाराही महिने भिजलेला असतो, म्हणून ते नाव. तो बोलला की करतो. म्हणजे कुरळ्या पाण्यात उतरला नाही तर आमच्याकडून जाणार. उतरला तर माझ्या जिवाला घोर. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी म्हटलं, ने बाई. पण मी धक्क्यावर उभा राहणार.

१ नोव्हेंबर

जमेल तेवढं लिहितो.

सकाळी वारा बोचरा होता. होडी जरा आत गेली आणि एक बोया सुटून वाहायला लागला. सूनबाईने नुसतं बोट दाखवलं. कुरळ्याने जुना बोया होडीत ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा उडी मारली. अरे, काय ती उडी! मी एकटाच टाळ्या वाजवायला लागलो.

पण परत येताना तो खाली खाली जाऊ लागला. नाक तेवढं वर. सूनबाईने होडी वळवली, मानगूट धरून त्याला वर ओढला आणि धक्क्यावर आणला. पूर्वी हा बाहेर आला की दोनदा अंग झाडायचा आणि आत कोरडा असायचा. आज झाडलं तर काहीच उडालं नाही. भिजलेल्या रजईसारखा लोंबत होता, कातडीपर्यंत पाणी. दात वाजत होते. तशातही नवा बोया सोडला नव्हता.

सदरा काढून त्याला गुंडाळला. सूनबाई ओरडत होती, "चोळा बाबा, जोरात चोळा!"

२ नोव्हेंबर

जनावरांची डॉक्टरीणबाई घरी येऊन गेली. छातीत सर्दी भरली आहे, ताप आहे, वयही झालंय. तिने केस बोटांत धरून पाहिले, वास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"याला साबणाने कोणी धुतलं? आणि कंगवा? या केसांतलं तेल हाच याचा रेनकोट. वळ्या गच्च असतात म्हणून पाणी आत जात नाही. तुम्ही तेल काढलंत, वळ्या पिंजल्यात, आणि थंड पाण्यात सोडलात! कोणी केलं हे?"



"मी," सूनबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईने तिला बरंच सुनावलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मी शेजारी उभा. वस्तरा हातात धरून कधी कोणाला घाबरलो नाही, आणि आज एवढासा शब्द तोंडातून फुटला नाही.

५ नोव्हेंबर

सलूनातलं मोठं पांढरं कापड, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं, ते चुलीजवळ पसरून कुरळ्याला त्यावर निजवला आहे. श्वास घरघरतो. आम्ही पाळीपाळीने चमच्याने दूध पाजतो.

दुपारी धीर करून विचारलं, "तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुमचा चेहरा बघितला होता मी."

"मग?"

"मग काय? बाईंना कोणावर तरी ओरडायचंच होतं. मला ओरडून घ्यायची सवय आहे. तुमच्या मुलाशी संसार केलाय मी."

आणि हसली. मीही हसलो. पोरगा गेल्यापासून या घरात पहिल्यांदा कोणी हसलं. मग दोघंही एकदम दुधाच्या वाटीकडे वळलो, चोरी पकडल्यासारखे.

नंतर तिने मला दाखवलं. सुटलेला केस असेल तो बोटांनी उपटायचा. हात पाण्यात बुडवून निथळायचा. मग गोल गोल फिरवत वळ्यांवरून न्यायचा, की त्या आपोआप परत गुंडाळतात. कंगवा नाही, गरम हवा नाही, आपलं आपण वाळू द्यायचं. पोरगा असंच करायचा म्हणे, रोज संध्याकाळी, होडीच्या कडेवर बसून.

"मला कधी बोलला नाही तो," मी म्हटलं.

"तुम्ही त्याला बोलू दिलं असतंत? केसांबद्दल?"

बरोबर आहे. बिनकंगव्याचे केस म्हटल्यावर मी त्याला दारातच उभा केला असता.

जाता जाता विचारलं, "हल्ली सकाळी त्याच्या मानेत तोंड घालून बसत नाहीस ती?"

ती ओला हात पुसत राहिली. "आता काही नाही तिथे, बाबा."

कान बरे झाले म्हणायचे. एक काळजी तरी मिटली.

१६ नोव्हेंबर

कुरळ्या उठला! दोन पावलं चालला, कापडावर परत पडला, परत उठला. सूनबाईने धावत जाऊन जुना बोया आणून दिला. तोंडात धरून दाराशी बसला, तोंड तळ्याकडे.

डॉक्टरीणबाई म्हणाली, छाती सुटली. पण यंदाच्या थंडीत खोल पाणी नाही. केस गळून नवे येतील, तेल परत धरेल, तोवर थांबा.

पण थांबणं त्याला कळत नाही. जेवण हुंगून सोडतो. बरगड्या मोजून घ्याव्यात. दार, तळं, आणि हा.

१८ नोव्हेंबर

पाणकोंबडा आला. पायरीवरच पाणी निथळवत उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, आत ये."

"आत आलो तर तुझं घर वाहून जाईल."

कुरळ्याच्या अंगावरून त्याने एकदा हात फिरवला. सगळं कळलं त्याला, पण मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणाला, "माझ्याकडे तळ्याचा उथळ कोपरा आहे. वारा लागत नाही, पाणी गुडघाभर. तीन पिल्लं शिकायची आहेत. माणसाने शिकवण्यापेक्षा म्हाताऱ्या कुत्र्याने शिकवलेलं त्यांना लवकर कळतं. याला खोल पाण्यात न उतरता काम मिळेल. आणि पोरी, तूही चल. माझ्या बहिणीची नजर गेली, जाळी विणायला हात नाहीत. तुझा हात मला ठाऊक आहे. तिच्या शेजारची खोली रिकामी आहे."

सूनबाई लगेच म्हणाली, "कुरळ्याला न्या. मी नाही येणार. बाबांचं कोण करणार?"

"बाबांचं काय करायचंय? मी काय कुकुलं बाळ आहे?" मी ओरडलो.

ते दोघं माझ्याकडे बघत राहिले. कुरळ्यासुद्धा.

२० नोव्हेंबर

आज काही लिहवत नाही. ती होडी घेऊन एकटीच गेली. ती परतेपर्यंत मी आणि कुत्रा दाराशी. दोघांचंही तोंड तळ्याकडे.

२३ नोव्हेंबर

काल रात्री ताटावर बसलो तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलं. आरशात गिऱ्हाइकाचा चेहरा रोज पाहत आलो, पण समोरासमोर बसलेल्या माणसाचा पाहायची सवय नव्हती. डोळ्यांखाली काळं. गालांची हाडं वर आलेली. घास तोंडाशी नेते आणि ताटात ठेवते. कुरळ्यासारखीच.

आज सकाळी तिला सांगितलं, "मी दुकान उघडतोय. गिऱ्हाइकांची ये-जा होणार. घरात केसाळ कुत्रा आणि उदास चेहरा, दोन्ही नकोत. धंद्याला वाईट."

"हात थरथरतो तुमचा. कोणाची मान कापणार?"

"ज्याला घाई असेल त्याची."

"बाबा."

"बाबाबिबा काही नाही. पैलतीर म्हणजे काय समुद्रापार आहे? दुर्बीण घेतली तर तुझी जाळी दिसतील मला."

ती उठली, जवळ आली आणि माझ्या खांद्यावर तिने डोकं ठेवलं. आणि मग रडली. किती रडली! सदरा भिजला माझा. मला वाटलं होतं पोर दगडाची आहे. अरे म्हाताऱ्या, काय वाचायला शिकलास तू?

२८ नोव्हेंबर

गेले.

पाणकोंबडा वल्ह्यावर. सूनबाईने पेटी ठेवली, कुरळ्याला हाक मारली. तो फळीवरून होडीकडे गेला, थांबला आणि परत फिरला. धक्क्याची ती जागा एकदा हुंगली, जिथे पोरगा बसला होता. मग माझ्याकडे आला. मी गुडघ्यावर बसलो, वाटलं, निरोपाला चाटेल. चाटण्याबिटण्यातला नाही तो. नाकाने माझा हात उलटा केला, तळवा वर. आणि बोया त्यात ठेवला. ठेवून क्षणभर थांबला, मी बोटं मिटेपर्यंत.

मग होडीत जाऊन बसला.

मला वाटतं, प्रवासात तोंड मोकळं हवं असेल त्याला. मी सूनबाईला तसं म्हणणार होतो, पण ती तोंड हातांत लपवून बसली होती. पाणकोंबड्याने टोपी काढली होती.

होडी ठिपका होईपर्यंत उभा राहिलो. नंतरही राहिलो.

३० नोव्हेंबर

दुकानाची पाटी पुसली. कोणी आलं नाही. बोया आरशापुढच्या फळीवर ठेवला आहे, तुरटीच्या वडीशेजारी.

मग चुलीजवळचं पांढरं कापड उचललं. काळे केस भरलेले. पिंजलेले नाहीत, गेल्या काही दिवसांतले, घट्ट, छोट्या छोट्या वळ्या, अंगठीएवढ्या. बादली भरली. नवी साबणाची वडी काढली. आयुष्यभर गिऱ्हाईक उठलं की कापड झटकायचं, केस झाडून टाकायचे, पुढच्याला हाक मारायची. दाराबाहेर गेलो, कापडाची दोन टोकं धरली, हात वर नेला.

झटकायच्या आधी, का कोण जाणे, नाकाशी धरलं.

फुलांचा वास गेला होता. तळ्याचं पाणी होतं. ओलं लाकूड. आणि खोल, अगदी शिवणीपाशी, हलकंसं डांबर.

मी तसाच उभा होतो. वारा आला तेव्हा कापड छातीशी धरलं, एक केस उडू नये म्हणून. त्या सकाळच्या पायरीवर ती पोर डोळे मिटून किती स्थिर बसायची ते आठवलं. आणि दोरीवरचे ते सदरे.

बादली ओतून दिली. साबण परत कागदात गुंडाळला.

कापडाची घडी घातली आहे, केसांसकट. पाणकोंबडा पुढच्या खेपेला येईल तेव्हा सूनबाईसाठी त्याच्या हातात देईन. जमिनीवर ठेवणार नाही. हातातच देईन.